अक्कांची पाठराखीण

आधीच सांगून टाकते — अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात मी कधी काही लिहीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी मानवतला एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या भागात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही. वर्गात कुणी तसली गोष्ट काढली, की मी त्याला उभं करते आणि पुरावा मागते. रस्त्यात उतारा पडलेला दिसला, तर वळसा न घेता सरळ जाणाऱ्यांतली मी. आमचे हे म्हणतात, हिच्या पुढ्यात भूत आलंच तर हिच्या प्रश्नांना कंटाळून तेच पळून जाईल. तेव्हा खालचं वाचून तुम्ही शंका काढल्यात तर मला राग येणार नाही. माझ्या स्वतःच्या शंका अजून फिटलेल्या नाहीत...

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या आणि मोठे दीर — त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो — वालूरला असतात, शेती बघतात. आम्ही दोघं नोकरीपायी परभणीत. अक्का म्हणजे खणखणीत बाई. गावात कुणाची म्हैस अडली तरी आधी बोलावणं अक्कांना, मग डॉक्टरला. हसल्या की चार घरं पलीकडे ऐकू जाणार. अशा बाईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन नांदेडला झालं, आणि त्याला अक्का बाजारला निघाल्यासारख्या गेल्या. "कापायचं तर कापा, घरी कामं पडलीत," असं त्या तिथल्या डॉक्टरलाच म्हणाल्या.

खरी अडचण नंतर झाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली आहे, पण केमोथेरपी घ्यावी लागेल. घेतली तर पूर्ण बऱ्या व्हायची आशा चांगली आहे. नाही घेतली, तर दुखणं उलटण्याची भीती मोठी आहे. सोय परभणीतच होती, दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा डोस. आणि ऑपरेशनला न भ्यालेल्या अक्का केमोचं नाव ऐकून हट्टाला पेटल्या. न्हाई म्हणजे न्हाई!

मी समजूत घालायला वालूरला गेले. उन्हाळा होता. अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि अक्का काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. मी आपलं सगळं विज्ञान बरोबर घेऊन गेले होते.

"अक्का, औषधच आहे ते. सलाइनमधून देतात. नुसतं बसून राहायचं."

"मला ठाव हाय काय असतंय ते. केस जातेत."

"परत येतात ना पण."

"येतेत तवा येतेत. पर धनी जित्ते असताना मी बोडकी होऊन गावात फिरू? लोकायचं ऱ्हाऊ दे, मंगल... ह्यायच्या जिवाला काही झालं म्हंजी?"

बोडकी ही आमच्याकडे विधवेला द्यायची शिवी. नवरा जिवंत असताना तसं डोकं करून घेणं म्हणजे आपल्या हातानं त्याच्यावर संकट ओढवून घेणं, हे अक्कांच्या मनात अगदी खोल रुतलेलं. त्यांना स्वतःच्या मरणाची भीती नव्हती. दादांच्या जिवाची भीती होती.

"आन् दुसरं सांगू का," अक्का म्हणाल्या, "तिथं खुर्चीत एकटीला बसवतेत म्हनं. आगं, नवी नवरी पयल्यांदा सासरी जाती तवा तिलाबी एकटीला न्हाई धाडत. पाठराखीन देतेत संगं. चार दिस ऱ्हाती, पोरीला सवय लावती, मंगच माघारी जाती. आन् मला म्हातारीला तुमी एकटीला धाडायलाव?"

"मी असेन की बरोबर."

"तू मास्तरीन हाईस. तू परीक्षा घेशील. पाठराखीन कशी व्हशील?"

मला हसू आलं. "बरं बाई, शोधते तुमच्यासाठी एक पाठराखीण. मग तर याल?"

"आन, मंग बगू," त्या म्हणाल्या. मी ते बोलायचं म्हणून बोलले होते, दुसऱ्या मिनिटाला विसरूनही गेले.

शेवटी त्या तयार झाल्या ते दादांमुळे. दादा लोकांसमोर अक्कांशी कधी दोन शब्द बोलत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत उंबऱ्यात बसून म्हणाले, "तू गेल्यावर मी ह्या घरात काय करू?" अक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि कपड्यांची पिशवी भरायला घेतली. पण एकाच डोसाचं कबूल केलं. पुढचं पुढं.

पहिल्या दिवशी परभणीतल्या आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंत अक्का रिक्षात रडत होत्या, आवाज न करता. दवाखाना खासगी, केमोचा हॉल दुसऱ्या मजल्यावर. आत मागे रेलता येईल अशा खुर्च्यांची ओळ, दाराला काच, दारात वॉचमन. नियम एकच — एका पेशंटजवळ एकच माणूस. पास माझ्या गळ्यात. सिस्टरनं सुई लावली, सलाइन सुरू केलं आणि मला खालच्या मेडिकलमधून एक इंजेक्शन आणायला पाठवलं. खाली ही गर्दी! मला यायला बराच वेळ लागला. वर आले तर वॉचमननं हात आडवा केला.

"बाई, आता आत न्हाई जाता यायचं. तुमच्या पेशंटपाशी मानूस हाय."

"अहो, तो माणूस मीच आहे! हा बघा पास."

"पास आसंल. पर आत तुमची म्हातारी बसलीय की. एका पेशंटला एकच."

मी काचेतून बघितलं. अक्कांच्या शेजारी स्टुलावर एक म्हातारी बसली होती. उंच, काटक, उन्हानं रापलेली. मातकट हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावर घट्ट पदर, कपाळावर भलंमोठं कुंकू. तिनं अक्कांचा सुई नसलेला हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि ती काहीतरी सांगत होती. आणि अक्का... अक्का हसत होत्या! घरून रडत आलेली बाई तोंडात बर्फाचा खडा घोळवत हसत होती.

खरं सांगते, मला आधी रागच आला. अक्कांचं माहेर पोखर्णी. म्हटलं, माहेरचं माणूस बोलावून घेतलं आणि मला कळवलंसुद्धा नाही. सुट्टी टाकून आले ती काय बाहेरच्या बाकावर बसायला? पण आमच्याकडे अडीअडचणीला धावून आलेल्या म्हाताऱ्या बाईला 'तुम्ही कोण हो?' असं विचारत नाहीत. ते तिला हाकलून देण्यासारखंच. म्हणून मी इंजेक्शन सिस्टरच्या हातात दिलं आणि बाकावर बसून राहिले.

जेवणाच्या वेळी वॉचमनला दया आली आणि त्यानं मला डबा घेऊन आत सोडलं.

"या, मास्तरीनबाई," म्हातारी म्हणाली. आवाज जाडसर, गावाकडचा. "डब्यात काय आणलंव?"

"धपाटे आणि दही. अक्कांना फार आवडतात."

"मंग ते घरी न्या. आज जे खाल ते पुढं वरीसभर नको वाटतंय. औषदाच्या दिवशी आवडीचं खाऊ नये. हिला नावडतं काय हाय?"

"दुधी भोपळा," अक्का लगेच म्हणाल्या. "मला त्याचा वासबी सोसत न्हाई."

"मंग आज भोपळाच खायचा. उद्या त्याचा वीट आला तर आला, तुझं काय जातंय?"

अक्का इतक्या जोरात हसल्या की पलीकडचा पेशंट दचकून जागा झाला. मी हळूच सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, बरोबर आहे, खूप जणांना असं होतं, मळमळीच्या दिवशी खाल्लेल्या पदार्थाची नंतर शिसारी येते. केमोचं लाल औषध चालू असताना बर्फ चघळला तर तोंड जरा कमी सोलतं, हेही तिला माहीत होतं. मी मुकाट्यानं कॅन्टीनमध्ये भोपळ्याची भाजी मिळते का ते बघायला गेले. मिळाली नाही, म्हणून दोडक्यावर भागवलं. परत आले तेव्हा मावशी गेली होती. हो, तोवर मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणायला लागले होते.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. ते लपवण्यात अर्थ नाही. उलट्या, अंगात त्राण नाही, पाण्यालाही लोखंडाची चव. तोंडात फोड. अक्का आमच्याच घरी होत्या. पण त्या दर वेळी म्हणायच्या, "मावशी म्हनलीच हुती आसं व्हतंय म्हनून. चवथ्या-पाचव्या दिशी उतरतंय म्हनली." चमच्यानं खाल्लं की जास्त लोखंड लागतं, म्हणून सगळं हातानं खायचं, हेही मावशीनंच सांगितलेलं. भीती होतीच, पण ती आधीच ओळख झालेल्या पाहुण्यासारखी झाली होती. त्रास ठरल्या वेळी आला आणि ठरल्या वेळी उतरला. मी आपली बादली धरून बाजूला उभी. मनात म्हणायचे, या बाईची हिंमत तरी केवढी! उलटी झाली की तोंड धुवायच्या आणि विचारायच्या, "तू जेवलीस का?"

थोडं बरं वाटायला लागलं तशा एका दुपारी अक्का म्हणाल्या, "मंगल, तुमच्या दादायला फोन लाव. पोखर्णीला जायचंय. केस द्यायचेत नरसिंहाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी मी खाली गेले होते तेव्हा अक्का सुई उपटून पळायच्या बेतात होत्या. तेवढ्यात मावशी येऊन बसली आणि न विचारताच म्हणाली, "केसांचं भ्याव हाय न्हवं?" अक्कांनी सगळं सांगितलं. धन्याचं, बोडकीचं, सगळं.

"तिनं इकडं तिकडं बगितलं आन् डोईवरचा पदर मागं सारला," अक्का म्हणाल्या. "मंगल, एक केस न्हाई गं. तांब्या घासल्यावानी डोस्कं. आन् खाली येवढं कुंकू. म्हनली, 'बग, हे दोनी एका डोस्क्यावर ऱ्हातंय का न्हाई? माझा धनी आजूक शेतात तिफण हाकायलाय.'"

"मग?"

"मंग म्हनली, 'पडायच्या आदी दिऊन टाक. पडलेलं येगळं, दिलेलं येगळं. कात्रीनं काप, वस्तरा लावू नको, जखम व्हती.'"

मी महिनाभर पेशी आणि औषधं समजावत होते, आणि इकडे कुणीतरी नुसता पदर मागं सारून प्रश्न सोडवला होता. आता त्या मावशीवरचा माझा राग पार गेला. बाई असावी तर अशी, असंच वाटलं.

आम्ही मुद्दाम आठवड्यातला गर्दी नसलेला दिवस बघून, सकाळी लवकर, अक्कांना मास्क लावून पोखर्णीला गेलो. नरसिंहाच्या देवळापाशी बसणारा न्हावी लहान मुलांच्या जावळाला सरावलेला. अक्कांचा कमरेपर्यंतचा शेपटा आणि गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्यानं हात जोडले. "सवाष्ण बाईला मी कात्री लावनार न्हाई, माय. माझ्या हातून नको."

मी त्याच्याशी भांडायला पुढे झालेच होते. तेवढ्यात दादांनी धोतर सावरलं, त्याच्या हातातली कात्री घेतली आणि अक्कांच्या मागे उकिडवे बसले. "माज्यासाठीच भ्यायलीय न्हवं ती," ते न्हाव्याला म्हणाले, "मंग मीच कापतो." शेपटा कापायला त्यांना वेळ लागला, केस फार दाट होते. मग उरलेले केस त्यांनी बारीक केले, वेडेवाकडे, कुठे लांब कुठे आखूड. सगळं झाल्यावर दादांनी स्वतःच्या बोटानं त्यांच्या कपाळावर कुंकू लावलं. मी तिथे ढसाढसा रडले, अक्का नाही रडल्या. त्या म्हणाल्या, "हलकं वाटायलंय. आता भूक लागली."

पोखर्णीतच त्यांच्या माहेरी जेवलो. मावशी कुठे दिसली नाही. मला वाटलं शेतात गेली असेल. विचारायचं मनात आलं होतं, पण भाकरी वाढायच्या गडबडीत राहून गेलं.

दुसऱ्या डोसाला अक्का रिक्षातून स्वतः उतरल्या. डोक्याला रुमाल, कपाळाला कुंकू. एकाच डोसाचं कबूल केलं होतं हे त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. आत सोडून मी पासवरचा शिक्का घ्यायला खाली गेले, वर आले तर मावशी स्टुलावर हजर आणि मी परत बाकावर. पण आता माझी काही तक्रार नव्हती. मी बाहेर बसून मुलांचे पेपर तपासायचे. अधूनमधून काचेतून बघायचे. दोघी कधी बोलत असायच्या, कधी मावशी नुसती हात धरून बसलेली असायची, अक्का झोपलेल्या असायच्या.

तिसऱ्या वेळी रक्ताचा रिपोर्ट खराब आला. पेशी कमी. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला की उद्याचा डोस नको, पुढच्या आठवड्यात बघू. मला मावशीची काळजी लागली. म्हटलं, उगीच एवढ्या लांबून हेलपाटा पडेल. पण नव्या तारखेला गेलो तर ती त्याच स्टुलावर. आदल्या तारखेला आली होती का, असं वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमचा पेशंटच न्हाई तर ती कामून येईल?" मी समजले की अक्कांनी पोखर्णीला फोन केला असणार.

मग पोळा आला. चौथा डोस होऊन थोडे दिवस झाले होते आणि अक्कांनी सणासाठी वालूरला जायचा हट्ट धरला. बैल सजवले होते, पुरणाचा वास सुटला होता, घर माणसांनी भरलेलं. आमच्याकडच्या बायकांचं एक आहे — सणाच्या दिवशी आजार सांगायचा नाही. ताप असला तरी पुरण वाटायचं, बैलांना ओवाळायचं, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर कोपऱ्यात पडायचं. माझी सासू असंच करायची. तिचा न्यूमोनियाही आम्हाला तिसऱ्या दिवशी कळला होता.

त्या सकाळी अक्का ओवाळणीचं ताट खाली ठेवून सगळ्या पाहुण्यांच्या देखत म्हणाल्या, "मला ताप आलाय. गाडी काढा."

एक चुलत सासूबाई म्हणाल्या, "आगं, बैलं तरी ओवाळून घे. एक गोळी घे, उतरंल."

"न्हाई. मावशीनं शपथ घातलीय. ताप लपवायचा न्हाई म्हनली, बैल थांबतेत, ताप थांबत न्हाई."

थर्मामीटरवर ताप काही फार नव्हता. एरवी मीसुद्धा गोळी देऊन थांबले असते. दवाखान्यात तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच, आणि अंगात इन्फेक्शन पसरायला लागलं होतं. लगेच ॲडमिट केलं. डॉक्टर नंतर दादांना म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. दादा अक्कांच्या पायाशी खुर्ची ओढून बसले आणि सुट्टी मिळेपर्यंत तिथून हलले नाहीत. मला मात्र त्या दिवशी अक्कांचा असा अभिमान वाटला! उभ्या हयातीत जी बाई सणाला 'माझं दुखतंय' म्हणाली नाही, तिनं भरल्या घरात ते म्हटलं. ऑपरेशनपेक्षा ते अवघड असणार.

शेवटचा डोस दिवाळीच्या तोंडावर झाला. मी ठरवून मावशीसाठी एक चांगलं नऊवारी लुगडं आणलं होतं, हिरवंच. ओटीचं सामानही घेतलं. बाहेर बसून राहिले, म्हटलं निघताना देऊ. सिस्टरनं सुई काढली, मला आत बोलावलं, तर स्टूल रिकामं. दाराला एकच वाट, आणि दारासमोरच्या बाकावर मी बसलेली. पण मी पेपर तपासत होते, नजरेतून सुटलं असेल असं म्हटलं.

घरी आल्यावर चहा घेता घेता मी म्हणाले, "अक्का, लुगडं राहूनच गेलं. उद्या दादांबरोबर पोखर्णीला पाठवू तुमच्या मावशींकडे."

"माज्या मावशीकडं? आगं, ती तुजी मावशी न्हवं का? मानवतची?"

"माझी? माझं मानवतला कुणी नाही. माझं माहेर जिंतूरचं, तुम्हाला माहीत नाही का?"

"तुज्या शाळंकडची म्हनून म्हनलं. 'पाठराखीन शोधते' म्हनाली हुतीस न्हवं? मला वाटलं तूच धाडलीस. ती तुजंच कवतिक करायची... मास्तरीन लय पळायलीय तुज्यासाठी म्हनायची."

"आणि मला वाटलं तुमच्या पोखर्णीची. नरसिंहाला जायचं तिनंच सांगितलं..."

"न्हाई गं. तिनं नुसतं 'दिऊन टाक' म्हनलं. पोखर्णी मला सुचली."

दोघींचे चहा तसेच राहिले. इतके महिने मी तिला त्यांची समजत होते आणि त्या माझी. एकीनंही विचारलं नाही. मला घाम फुटला, हे लिहायला लाज वाटत नाही.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे चौकशी केली. पोखर्णीला फोन केले, तशी उंच म्हातारी त्यांच्या भावकीत कुणी नाही. दादांकडच्या सगळ्या नात्यागोत्यांत विचारून झालं. दवाखान्यात गेले. सिस्टरला मावशी चांगली आठवत होती. ती म्हणाली, "तुमची पाहुणी ना? आमची पेशंट नव्हती ती कधी." सेवेला येणाऱ्या बायका वेगळ्या, त्यांना ॲप्रन असतो. दुसऱ्या पेशंटची नातेवाईक असेल म्हणावं, तर वॉचमन म्हणाला, "छ्या! दुसऱ्या कुणापाशी कधी बसली न्हाई. तुमच्याच बाईची हुती." ती यायची कधी, हे विचारल्यावर तो जरा अडखळला. "येताना मी काई बगितली न्हाई बगा. आत बगावं तर बसलेली असायची. मला वाटायचं तुमीच आणून सोडलीव." म्हणजे तोही आमच्यातलाच! कॅमेरा आहे, पण फक्त खालच्या गेटवर, आणि त्यातलं जुनं काही राहत नाही.

तर हे असं आहे. कुणी पूर्वी बरी झालेली दयाळू बाई असेल, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. केमोनंतर केस परत न येण्याचाही एखादा प्रकार असतो. पण आम्हाला आदल्या संध्याकाळी कळलेली बदललेली तारीख तिला कशी कळली? आणि सहाही वेळा बरोबर मी खाली गेल्यावरच ती कशी यायची? मी ती स्वतः पाहिलेली आहे. तिच्याशी धपाट्यांवरून बोललेली आहे. उत्तर मला सापडलेलं नाही, आणि खोटं उत्तर मी वर्गातही देत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माणसाजवळ परभणीच्या त्या बाजूला अशी कुणी बसली असेल, तर मला जरूर कळवा. नसेल कुणाच्या, तरी तेही कळवा.

अक्का आता छान आहेत. तपासण्या चांगल्या येतात. केस आले, पांढरे आणि कुरळे. या जानेवारीत वालूरला गेले तेव्हा मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, "अक्का, निदान नाव तरी विचारायचं होतं हो तिला!"

"इचारलं की. शेवटच्या बारीला इचारलं," अक्का म्हणाल्या.

मी उडालेच. "मग आजवर बोलला का नाहीत? काय म्हणाली?"

"म्हनली, 'आता भ्याव वाटतंय का गं?' मी म्हनलं, 'न्हाई.' तवा माजा हात सोडून उठली. म्हनली, 'मंग माजं नाव घिऊन काय करतीस?'"

एवढं सांगून अक्का चरवी घेऊन गोठ्याकडे गेल्या. धार काढायची वेळ झाली होती.